बाय बर्थ

‘इथे गेलं कोण?’

कमेंट एवढीच होती. गूगल डॉकच्या उजव्या कडेला, तीन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह.

झालं असं, की गेल्या महिन्यात मला एक काम मिळालं. कोडिंग शिकवणाऱ्या एका कोर्सच्या स्क्रिप्ट्स मराठीत लिहायच्या. आता मी पडले मास कॉमवाली. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर म्हणजे बातमी टाइप करायचं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री हमखास हँग होणारं यंत्र. पण फ्रीलान्सिंगमध्ये ‘मला हे येत नाही’ असं म्हणायची सोय नसते. भाडं एक तारखेला जातं! म्हणून बिनधास्त हो म्हटलं आणि क्लास, ऑब्जेक्ट, मेथड असं एकेक वाचत, विचारत, आयटीतल्या मैत्रिणींचं डोकं खात लिहीत गेले. सातव्या भागात आलं इनहेरिटन्स. हे म्हणजे एकदमच सोपं! मी झोकात लिहिलं, ‘इनहेरिटन्स म्हणजे वारसा. वडिलांची मालमत्ता जशी मुलांकडे येते, तसे पेरेंट क्लासचे गुण चाइल्ड क्लासकडे येतात.’ स्वतःवर खूश होऊन चहा टाकायला गेले. परत येते तर स्क्रिप्ट तपासणाऱ्या इंजिनीअरबाईंची कमेंट वाट बघत बसलेली.

इथे गेलं कोण?

आधी हसू आलं. मग नाही आलं. कारण त्याच शनिवारी मला आईला घेऊन वाईला जायचं होतं. बाबांना जाऊन वर्ष झालं आणि शेताच्या सातबाऱ्यावर आमची नावं लागायची राहिली होती. आमच्याकडे गेलेलं माणूस होतं. त्या बाईंच्या क्लासमध्ये कोणीच गेलेलं नव्हतं. मग वारसा कसला?

पुण्याहून वाईला जाणाऱ्यांना खेड शिवापूरच्या टोल नाक्याबद्दल काही सांगायला नको. शनिवार सकाळ, अर्धं पुणं महाबळेश्वरला निघालेलं. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, त्यामुळे रांगा नसतात असं म्हणतात. असं म्हणणारे शनिवारी सकाळी निघत नसावेत. आमच्या पुढे एक ट्रक, त्याच्या पुढे एसटी, शेजारच्या लेनमध्ये चंदेरी कार, मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’. माझी आई शेजारी, मांडीवर प्लास्टिकची फाइल, दोन्ही हातांनी धरलेली. रेडिओ लावू का विचारलं तर नको म्हणाली. मग मी समोरचा दरांचा बोर्ड वाचत बसले. कार, मिनीबस, बस, ट्रक...

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण ज्या गोष्टीवर मी आठवडाभर अडले होते, तिचा जन्म अशाच एका टोल नाक्यावर झालाय. खऱ्या नाही, कागदावरच्या. गाव ओस्लो, देश नॉर्वे.

तिथल्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड नावाचे दोघं जण ‘सिम्युला’ नावाची भाषा बनवत होते. कशासाठी? तर जगात गोष्टी कशा चालतात ते आधी कॉम्प्युटरमध्ये चालवून बघायला. १९६६-६७ च्या हिवाळ्यात त्यांच्यासमोर एक उदाहरण होतं. एक पूल, पुलावर टोल नाका, नाक्यापुढे रांग. रांगेत ट्रक आणि बस. आता रांगेत उभं राहायचं तर प्रत्येकाला आपल्या पुढे कोण, मागे कोण, हे माहीत हवं. ते ट्रकच्या कोडमध्ये लिहायचं, परत बसच्या कोडमध्ये लिहायचं? उद्या टेम्पो आला की परत? बरं, ट्रक आणि बस एकच आहेत असंही नाही.

त्यांना सुचलेला उपाय साधा होता. ‘रांगेत उभं राहणं’ हे एकदाच, वेगळं लिहा. मग ते ट्रकच्या आधी चिकटवा, बसच्या आधी चिकटवा. चिकटवल्यावर तयार होते ती एकच वस्तू. रांगेतला ट्रक. रांगेतली बस. सिम्युला ६७ मध्ये हे आलं तेव्हा त्याला ‘वारसा’ असं कोणी म्हणत नव्हतं. नाव होतं प्रीफिक्स, म्हणजे आपला शाळेतला उपसर्ग! हार, प्रहार, संहार, विहार आठवा. पेरेंट क्लासचं नाव चाइल्डच्या आधी लिहायचं, म्हणून उपसर्ग. इनहेरिटन्स हा शब्द नंतर रुळला. मला विचाराल तर आधीचा जास्त प्रामाणिक होता. या दोघांना २००१ सालचं ट्युरिंग अॅवॉर्ड मिळालं आणि पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, दोघंही गेले, दीडेक महिन्यांच्या अंतराने.

तर टोल नाकाच धरून चालू या. बोर्डावरची ‘कार’ ही ओळ म्हणजे क्लास. ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेली ती चंदेरी गाडी म्हणजे ऑब्जेक्ट. बोर्डावर ओळ एक, रस्त्यावर गाड्या हजार. आता ‘गाडी’ असा एक पेरेंट क्लास करा. तिला नंबर आहे, फास्टॅग आहे, ‘पुढे सरक’ आणि ‘टोल दे’ या दोन गोष्टी तिला येतात. मग लिहा, ट्रक एक्स्टेंड्स गाडी. बस्स. नंबर, फास्टॅग, पुढे सरकणं, सगळं ट्रकला आपोआप आलं, परत एक ओळ लिहावी लागली नाही. ट्रकने स्वतःचे दोन-चार एक्सल वाढवले आणि ‘टोल दे’ आपल्या पद्धतीने लिहून घेतलं, कारण ट्रकचा दर वेगळा. याला म्हणतात ओव्हरराइड.

आणि गंमत बूथची आहे. बूथला ट्रक, बस, कार यातलं काहीही माहीत असायची गरज नाही. त्याला फक्त ‘गाडी’ कळते. समोर येईल तिला तो म्हणतो, टोल दे. कोणी किती द्यायचा हे जिचं तिला माहीत. उद्या नव्या जातीची इलेक्ट्रिक बस आली तरी बूथच्या कोडला हात लावायला नको. लोक समजतात इनहेरिटन्सचा फायदा म्हणजे कमी टायपिंग. तो आहेच, पण खरी कमाई ही, बूथची झोप मोडत नाही.

आमचा नंबर आला, बीप वाजला, आई दचकली. मग खंबाटकी, सुरूर फाटा आणि उजवीकडे वाई.

वाई म्हटलं की माझ्या पुण्या-मुंबईच्या मित्रांना ‘स्वदेस’ आठवतो. २००४ सालच्या त्या पिक्चरमधलं गाव म्हणजे वाईजवळचं मेणवली. तिथल्या घाटावर सेल्फी काढून ही मंडळी थेट पाचगणीला जातात. आमचं वाईतलं पहिलं स्टेशन मात्र गणपती आळीतले वकीलकाका. बाबांचे शाळेतले मित्र. त्यांनी फाइल उघडली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, ‘‘सोपं आहे. तुम्ही दोघी क्लास वन.’’

मी दचकलेच. आठवडाभर डोक्यात क्लासच चालू होते ना!

वकीलकाकांनी समजावून सांगितलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वारसांचे वर्ग आहेत. क्लास वनमध्ये बायको, मुलगा, मुलगी, आई. म्हणजे क्लास आणि इनहेरिटन्स हे दोन शब्द त्या टेबलावर माझ्याआधीच येऊन बसले होते. ‘‘पण एक लक्षात घे,’’ वकीलकाका म्हणाले, ‘‘हे शेत तुझ्या पणजोबांच्याही आधीपासूनचं. वडिलोपार्जित. त्यात तुझा जो हिस्सा आहे तो बाबा गेले म्हणून आलेला नाही. तो तू जन्मलीस तेव्हाच आला. बाबांचा म्हणून जो उरला, तेवढाच आता तुम्हा दोघींत यायचा.’’

बाय बर्थ!

मी त्यांना थांबवलं आणि वहीच काढली. तर त्याचं असं आहे. आपल्याकडे वारशाचे दोन जुने पंथ. एक मिताक्षरा. बाराव्या शतकाच्या आसपास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर लिहिलेली टीका. ती म्हणते, वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क जन्मानेच मिळतो, बाप धडधाकट असताना. दुसरा बंगालातल्या जीमूतवाहनाचा दायभाग. तो म्हणतो, बाप गेल्यावरच. महाराष्ट्र मिताक्षरावाला. फक्त मिताक्षरेतला जन्म मुलग्याचाच धरला जायचा. मुलींचा जन्म मोजायला महाराष्ट्रात १९९४ साल उजाडावं लागलं, तेही लग्न न झालेल्या मुलींपुरतं, आणि देशभर ९ सप्टेंबर २००५. त्यानंतरही वडील त्या तारखेला जिवंत हवे होते की नव्हते यावर कोर्टात वाद चालूच राहिले. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तशी काही अट नाही, कारण हक्क जन्माचा आहे.

हे सगळं मी वाईत बसून ऐकत होते ही पण मजाच. याच गावातल्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ‘धर्मकोश’ करायला घेतला आणि त्याचं व्यवहारकांड १९३७ पासून छापून निघू लागलं. वाटण्या, हिस्से, दाय, सगळ्यांवरची जुनी वचनं त्यात ओळीने लावून ठेवलेली. पुढे मराठी विश्वकोशही याच गावातून निघाला. लहानपणी बाबा मला बाहेरून ती इमारत दाखवून म्हणायचे, ‘जगातलं सगळं इथे आहे.’ मला वाटायचं आत हत्तीबित्ती ठेवलेत.

तर ‘इथे गेलं कोण’चं उत्तर मिळालं होतं. कोणीच नाही. कोडमधलं इनहेरिटन्स दायभागासारखं नाही, मिताक्षरेसारखं आहे. पेरेंट जागच्या जागी जिवंत असतो. ट्रकचा ऑब्जेक्ट जन्मतो तेव्हा आधी गाडीचा कन्स्ट्रक्टर चालतो, मग ट्रकचा, म्हणजे आधी घराण्याचं बारसं, मग स्वतःचं. एक फरक मात्र मोठा आहे. मिताक्षरेत नवीन मूल जन्मलं की बाकीच्यांचा हिस्सा घटतो. कोडमध्ये वाटण्याच होत नाहीत. ट्रकला गाडी पूर्ण मिळाली म्हणून बसला अर्धी मिळाली, असं नाही. दहा चाइल्ड करा, दहांना पूर्ण. हे ऐकून वकीलकाका म्हणाले, ‘‘मग आमचा धंदाच बसला की!’’

घरी पोचलो तर काकूने पिठलं-भाकरी केलेली. आणि दारातच छोटू. छोटू म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. त्याचा चेहरा बोर्डाच्या रिझल्टच्या दिवसासारखा. सोमवारी पुण्यात इंटरव्ह्यू. ‘‘ताई, तू आता कोडिंगवर लिहितेस म्हणे. मला इनहेरिटन्स सांग ना. मागच्या इंटरव्ह्यूत त्याच्यावरच गचकलो.’’

‘‘व्याख्या येते?’’

‘‘पाठ आहे.’’ आणि त्याने ती घडाघडा म्हणूनही दाखवली, इंग्रजीत, एका श्वासात. त्यातला एक शब्द त्याला कळला असेल तर शपथ.

संध्याकाळी आम्ही ढोल्या गणपतीच्या घाटावर जाऊन बसलो. कृष्णेला पाणी बऱ्यापैकी होतं. त्याने लॅपटॉप आणला होता, मी शेंगदाणे.

ओव्हरराइड त्याला आजीच्या पुरणपोळीवरून चटकन समजलं. आई सगळं आजीसारखंच करते, फक्त शेवटी केशर घालते. ‘आधी आजीने सांगितलं तसं सगळं कर, मग माझं केशर’, म्हणजे कोडमधलं सुपर. प्रायव्हेट आणि प्रोटेक्टेडसाठी तर आमचं जुनं घर होतंच. माळ्यावरची खोली घरातच होती, पण तिची किल्ली आजीच्या कमरेला. हवं ते आजीकडे मागायचं, ती स्वतः उघडून काढून देणार. हे प्रायव्हेट. देवघर घरातल्यांना खुलं, पाहुण्यांना नाही. हे प्रोटेक्टेड. ओसरीवर कोणीही बसावं. हे पब्लिक. छोटू म्हणाला, ‘‘आमच्या सरांनी असं का नाही सांगितलं?’’ त्यांच्या वर्गात साठ पोरं असतात, म्हणून.

मग त्याने प्रोजेक्ट उघडला आणि खरी करमणूक सुरू झाली.

प्रोजेक्ट होता पाचगणीतल्या लॉजच्या बुकिंगचा. ‘रूम’ नावाचा क्लास. बेड किती, चेक-इन, चेक-आउट, पावती छाप. छान. मग सरांनी सांगितलं, साइट सीइंगची टॅक्सी पण घे. आता टॅक्सीलाही पावती लागतेच आणि पावतीचा कोड तर रूममध्ये तयार. छोटूने काय करावं? टॅक्सी एक्स्टेंड्स रूम!

‘‘चाललं ना पण,’’ तो म्हणाला. ‘‘पावती झक्कास छापली.’’

चालणारच. कॉम्प्युटरला टॅक्सीत झोपायला काय हरकत? पण आठवड्याने त्याने रूममध्ये एक सुधारणा केली. दोनपेक्षा जास्त माणसं असतील तर एक्स्ट्रा गादीचे पैसे आपोआप लावायचे. टॅक्सीच्या कोडला बोटही लावलं नाही. आणि चार माणसांच्या महाबळेश्वर टॅक्सीची पावती छापून आली... एक्स्ट्रा गादी, नग दोन.

आम्ही इतके हसलो की शेजारी धुणं धुणारी मावशी वळून बघायला लागली.

पण ही चूक एकट्या छोटूची नाही. अगदी जावा बनवणाऱ्यांनीही हेच केलंय. स्टॅक म्हणजे आपली ताटांची चळत. वर ठेवायचं, वरूनच उचलायचं. जावात मुळापासून स्टॅकला व्हेक्टरचा चाइल्ड केलंय. व्हेक्टर म्हणजे लांबलचक यादी, तिच्यात मध्येही काहीही घुसवता येतं. त्यामुळे जावातल्या चळतीतून मधलंच ताट ओढून काढता येतं! आता ते बदलता येत नाही, कारण त्यावर उभे असलेले जुने प्रोग्रॅम कोसळतील. म्हणून जावाच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच लिहिलंय, त्यापेक्षा डेक नावाचा दुसरा प्रकार वापरा.

मी छोटूला म्हटलं, एक्स्टेंड्स लिहायच्या आधी वाक्य मोठ्याने म्हण. ‘ट्रक ही गाडी आहे.’ पटतं. ‘टॅक्सी ही रूम आहे.’ घाटावर मोठ्याने म्हणून बघ, लोक काय म्हणतात ते! मग बरोबर वाक्य काय? ‘टॅक्सीला पावती आहे.’ रूमलाही पावती आहे. म्हणजे पावती हा वेगळा क्लास, आणि तो दोघांनी आपापल्या जवळ ठेवायचा. १९९४ मध्ये चार लेखकांचं ‘डिझाइन पॅटर्न्स’ नावाचं पुस्तक आलं, त्यातला सगळ्यात गाजलेला सल्ला हाच आहे, की जमेल तिथे एक्स्टेंड करण्यापेक्षा जवळ ठेवा. गूगलमधून २००९ मध्ये आलेल्या गो भाषेत तर क्लासचं इनहेरिटन्स ठेवलेलंच नाही.

इंग्रजीवाल्यांना इथे ‘इज’ आणि ‘हॅज’ असे दोन वेगळे शब्द मिळतात. आपल्याकडे दोन्हीकडे ‘आहे’च. मी या घरातली आहे. माझ्याकडे घर आहे. मराठी माणसाला विभक्तीकडेच बघावं लागतं. त्या स्क्रिप्टमध्ये हे कसं सांगायचं यावर माझी अख्खी रात्र गेली होती, ते घाटावर दोन मिनिटांत सुटलं.

दोन पेरेंट घ्यायचा प्रश्न आम्ही पटकन उरकला. सी प्लस प्लसमध्ये चालतात, जावात बाप एकच. का? आमच्या नात्यात एक आतेभाऊ-मामेबहिणीचं लग्न आहे. त्यांच्या मुलीला आईकडून जी पणजी तीच बाबांकडून पण पणजी. आता त्या मुलीच्या घरात पणज्या किती, एक की दोन? सी प्लस प्लस नीट सांगितलं नाही तर दोन धरतं. याला डायमंड प्रॉब्लेम म्हणतात. जावाने भानगडच नको म्हणून दार लावून घेतलं.

‘‘ताई, पण चाइल्डला पेरेंटची एखादी गोष्ट नकोच असेल तर?’’ छोटूने विचारलं. ‘‘टाकून देता येते?’’

नाही येत. घेतलं तर सगळं घ्यायचं. फार तर ओव्हरराइड करा. अॅम्ब्युलन्सला टोल नसतो, म्हणून अॅम्ब्युलन्सने ‘टोल दे’ला शून्य रुपये असं उत्तर दिलं तर काही बिघडत नाही, बूथ म्हणतो ठीक, पुढे चला. पण तिने ‘मला टोल विचारूच नका’ म्हणून एररच फेकली तर रांग तिथेच अडली. बार्बरा लिस्कोव्ह या बाईंनी १९८७ मधल्या एका भाषणात हे नीट मांडलं. २००८ सालचं ट्युरिंग अॅवॉर्ड त्यांचं. त्यांच्या म्हणण्याचा आमच्या घाटावरचा अनुवाद असा, की जिथे पेरेंट उभा होता तिथे चाइल्डला उभं करा आणि बूथला फरक कळता कामा नये. निम्मा वारस चालत नाही.

‘‘म्हणजे कोडमध्ये हक्कसोड नसतं,’’ छोटू म्हणाला. सातारा जिल्ह्यातलं पोर आहे, हा शब्द त्याला शिकवावा लागत नाही. मी हसले. तो नाही हसला. उगाच लॅपटॉप बंद केला, परत उघडला.

का ते रात्री कळलं.

जेवणं झाल्यावर काकूने सुपारीच्या डब्याबरोबर एक कागद आणला. टाइप केलेला. हक्कसोडपत्र. खाली माझं नाव, सहीपुरती जागा मोकळी.

‘‘तुला काही घाई नाही,’’ काका म्हणाले. ‘‘दुय्यम निबंधकाकडे परत यायचंच आहे कधीतरी.’’

‘‘तुझ्या आत्यानेही करून दिलं होतं,’’ काकू म्हणाली. ‘‘पद्धत असते. तू काय इथे येऊन हळद लावणारेस का? आणि माहेर काय कुठे जातंय? कधीही ये, घर तुझंच आहे.’’

काकू वाईट नाही हो. मला गोधडीत गुंडाळून झोपवलेलं आहे तिने. त्या शेतात गेली वीस वर्षं राबतायत ते काकाच, मी नाही. बाबा दवाखान्यात होते तेव्हा रात्री झोपायला काकाच असायचे. हे सगळं खरं आहे आणि त्याच डब्याखाली तो कागदही होता. मला काय बोलावं सुचेना. मी आईकडे बघितलं. आईने सुपारी कातरायला घेतली आणि कागदाकडे न बघता म्हणाली, ‘‘वकिलांनी सांगितलं, तिचं जन्माचं आहे म्हणून. मग आपण कोण सोडवणारे?’’

कोणी काही बोललं नाही. कातरायचा तेवढा आवाज. छोटू म्हणाला, ‘‘मी अभ्यासाला बसतो,’’ आणि उठून गेला.

मी सही केली नाही. नाही असंही म्हटलं नाही. ‘‘बघू,’’ म्हणाले. हे माझं ओव्हरराइड की एरर, मला माहीत नाही.

रविवारी परत आले आणि रात्री स्क्रिप्ट बदलली. मालमत्ता, वडील, सगळं काढलं. लिहिलं, ‘ट्रक ही गाडी आहे. जन्मल्यापासून. म्हणून गाडीला जे येतं ते ट्रकला येतं.’ पुढे खेड शिवापूर, मग छोटूची गादी. सकाळी बघते तर बाईंची कमेंट ‘रिझॉल्व्ह्ड’.

सोमवारी दुपारी छोटूचा फोन. ‘‘विचारलं ताई, इनहेरिटन्सच विचारलं! मी टॅक्सीची गादी सांगितली. दोघंही हसले.’’

‘‘मग?’’

‘‘मग एक मॅडम म्हणाल्या, चाइल्डला पेरेंटची एखादी मेथड नकोच असेल तर काय करशील? म्हटलं, ती टाकता येत नाही. तशी वेळ आली तर मुळात एक्स्टेंड करायलाच चुकलोय.’’ मग जरा थांबून, ‘‘रिझल्ट शुक्रवारी. आणि ताई, तो कागद मम्मीने कपाटात ठेवलाय. नुसतं सांगतोय.’’

‘‘बरं,’’ म्हटलं.

वारस नोंदीच्या फेरफाराची नोटीस लागलीय. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात.